ना जोरानं, ना चोरून, ना मागून

ला फोंतेन, सेंट उअँ, जर्सी बेट
१२ जानेवारी १९७५

प्रिय लिडिया,
थोरल्या बहिणीस धाकट्याचा स. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि त्याबरोबरचं खारवलेल्या माशाचं पुडकं, दोन्ही पोचलं. पुडकं माझ्याआधी सगळ्या टपालगाडीला कळलं होतं. पोस्टमन हात लांब करून ते देत म्हणाला की कॅनडाहून काय येतं ते आता गावाला ठाऊक आहे, वर पत्ता लिहिला नसता तरी चाललं असतं. मासा मात्र फर्मास. दोन दिवस पुरवून खाल्ला.

बातमी अशी की घर विकायचं ठरवलंय. खुब्याच्या दुखण्यानं यंदा बटाटे लावायला वाकता येत नाही, आणि वाकलो तर उभं करायला दुसरा माणूस लागतो. एलव्हिना जाऊन सात वर्षं झाली. पोरगा साउदॅम्प्टनच्या गोदीत रुळलाय, त्याला माती नको. तेव्हा तू इतकी वर्षं बोलावते आहेस तर जूनमध्ये तुझ्याकडे पास्पेबियाकलाच येऊन टेकावं म्हणतो. गिऱ्हाईक इंग्लंडचं आहे, पेंडलटन नावाचं नवरा-बायकोचं जोडपं. बाईंनी गोठ्यात उभं राहून पियानो कुठे ठेवायचा ते नवऱ्याला सांगितलं. टोमॅटोच्या पेट्या ठोकण्यापासून सुरुवात करून पुढे वीस वर्षं मी लिलाव पुकारलेत. गिऱ्हाईक पियानोला जागा शोधू लागलं की सौदा झाला समजावं.

एकच कुसळ आहे, आणि ते सत्तर वर्षांचं आहे. आपली युनिस व्होतिए. तुझ्या मागच्या बाकावर बसायची, पुढे गावची मास्तरीण झाली आणि प्रार्थनामंदिरात पेटी वाजवते, ती. तिचं घर आमच्या उताराखाली. आमच्या अंगणातून आणि शेताच्या कडेनं आली तर बस, दुकान आणि प्रार्थनामंदिर पाच मिनिटांवर. नाहीतर टेकडीला वळसा घालून पाऊण तास, तोही दोन्ही गुडघे धड असतील तर. रोज सकाळी आठला दहा कमी असताना ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जाते. तिच्यावरून मी घड्याळ लावतो.

तर येत्या २५ मार्चला तिला त्या वाटेवरून हक्कानं चालायला लागून चाळीस वर्षं होतात. चाळीस वर्षं झाली की वाट तिच्या हक्काची होते असं ती धरून चालली आहे. त्या दिवशी मंदिरामागच्या खोलीत तिनं चहा ठेवलाय, तळलेल्या गोड मर्व्हेलांचा घाट घातलाय, आणि पहिलं आमंत्रण मला. माझ्याच जमिनीवर तिचा हक्क लागल्याचा चहा! फाटकावरून कार्ड पुढे करून म्हणाली की परवानगी मागत नाही, कळवतेय.

कायदा तसा नाही, लिडिया. ते तिला कसं सांगावं या विवंचनेत आहे. सविस्तर लिहायला आज धीर होत नाही.

खोकला कसा आहे ते कळव. आहे तो जिव्हाळा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
हेडली सिव्हरे


पास्पेबियाक
२४ जानेवारी १९७५

चि. हेडलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी समुद्राकडच्या खोलीत कागद चिकटवायला माणूस लावला. निळ्या फुलांचा आहे. तुला आवडणार नाही, पण तू झोपलास की तुला दिसणारही नाही. शेजारणींना सांगून टाकलंय की माझा भाऊ येतोय, तो थोडा बढाईखोर आहे, पण मनानं बरा आहे.

खोकला बर्फाबरोबर आला, बर्फाबरोबर जाईल.

आता युनिसचं. यांच्या पुतण्यानं इथे नोटरीचं काम काढलंय, त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला की काकू, कागदाविना वाट नाही, हे तर पॅरिसच्या जुन्या रिवाजातलं वचन. तीनशे वर्षांपूर्वी लोक जहाजात भांडी घालून आले तसं तेही आलं, आणि इथल्या कायद्यात अजून आहे. शंभर वर्षं चाललं तरी पायवाटेचा हक्क चालून लागत नाही, लिहूनच लागतो. मी म्हटलं, अरे, हे तर मी लहानपणी जर्सीत ऐकलंय! नुल सेर्व्हितूद सां तित्र. बाबांच्या तोंडचं.

आठवतं का तुला? बाबांना अक्षर ओळखता येत नव्हतं. किनाऱ्यावरून समुद्रशेवाळाची गाडी हाकणारा माणूस. पण कायद्याची सहा वचनं त्यांना पाठ होती आणि सहांच्या जोरावर ते कोणाशीही भांडत. शुक्रवारी दुपारी आपल्याला शहरात न्यायचे, न्यायालयात मागच्या बाकावर बसवायचे. जमीन देणारा-घेणारा न्यायाधीशापुढे उजवा हात वर करून शपथ घ्यायचे, ते बघायला. दुसऱ्यांची पोरं सर्कशीला जायची! आणि आजोबा गेले त्या सकाळी बाबा रडले नाहीत. मेलेल्याच्या हातून जित्याच्या हाती, एवढं म्हणाले, आजोबांचं दाताळं उचललं आणि ओहोटीला निघून गेले. मध्ये एक क्षणही शेत बिनमालकाचं राहू नये म्हणून ते वचन आहे, हे मला नोटरीनं आत्ता सांगितलं. मला तर तेव्हा वाटलं होतं की बाबांना दुःखच झालं नाही.

तर जे बाबांना ठाऊक होतं ते युनिसला का ठाऊक नाही? आणि तिला ही चाळीस वर्षांची गोष्ट सांगितली कोणी? खरं लिही. तू गोष्ट अर्धी सांगतोस तेव्हा उरलेल्या अर्ध्यात तूच असतोस, हे मला तू तीन वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

माझ्या मनात तुझ्यासाठी जागा आहे तेवढी खोलीतही आहे.

तुझी
लिडिया


ला फोंतेन
६ फेब्रुवारी १९७५

प्रिय लिडिया,
स. न. वि. वि.

मीच सांगितली.

१९३५ साली ही जागा घेतली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि त्याआधी तीन वर्षं पर्शार वकिलांकडे खतांच्या नकला करून अंगावर शाईबरोबर शहाणपणही सांडलं होतं. वकिलांना वचनांचा भारी नाद. म्हणायचे की ज्या काळी न्याय झाडाखाली व्हायचा आणि गावात लिहिता येणारा एकटा पाद्री, त्या काळी कायदा तोंडात राहायचा. एका श्वासात बसेल तेवढाच टिकायचा. फ्रान्सनं पुढे जाडजूड पुस्तक केलं आणि जुनं सोडून दिलं. आपलं बेट लहान, आपण ठेवलं. मी ते सगळं कानानं उचलायचो. कान माझे पहिल्यापासून तीक्ष्ण. पण ऐकलेलं एका कोनाड्यात ठेवायचं की दोन, हे कान सांगत नाहीत.

जुना मालक सगळ्यांना अंगणातून जाऊ द्यायचा. मी वासरांसाठी फाटक लावलं. २५ मार्चच्या सकाळी युनिस पेटीच्या सुरांची वही काखेत घेऊन आली आणि फाटक बघून थबकली. मी ऐटीत विचारलं की कोणत्या हक्कानं? ती म्हणाली, पायांच्या. म्हणाली की दहा वर्षं जातेय. मी म्हटलं की ते मोजायचं नाही, जुना मालक हात करून बोलवायचा, म्हणजे ते परवानगी मागून जाणं झालं. कायद्याला चाळीस वर्षं लागतात, आणि तीही ना जोरानं, ना चोरून, ना मागून. हे रोमचं वचन, सरदार-राजांपेक्षाही जुनं, वगैरे वगैरे. एलव्हिना दारात उभी होती, तिच्यापुढे मला चमकायचं होतं. नवीन लग्न झालेल्या माणसाच्या हाती कायदा देऊ नये.

युनिसनं शांतपणे माझं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आजची तारीख लिहून ठेव. फाटक उघडलं, गेली.

तीन वर्षांनी एका खताच्या कामासाठी पर्शार वकिलांकडे गेलो असताना गंमत म्हणून हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले की गाढवा, चाळीस वर्षं जमीन धरून बसणाऱ्याला जमीन मिळते. जमिनीवरून चालणाऱ्याला चप्पल झिजण्यापलीकडे काही मिळत नाही. वाटेसाठी वचन वेगळं, कागदाविना वाट नाही. वचन एकटं उचलायचं नसतं, त्याची भावंडं कुठे बसलीत ते बघायचं. आजच्या आज जाऊन तिला सांग.

मी नाही सांगितलं. आधी लाज वाटली. मग लढाई आली, जर्मन आले. वर्षभर एक जर्मन पहारेकरी आमच्या अंगणात होता. त्यानं युनिसकडे परवाना मागितला, तर ही म्हणाली की मागितलं तर माझी वर्षं मोडतील. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तोही बिचारा एका शिक्षिकेच्या हाताखालीच वाढला असणार. सरळ बाजूला झाला.

आणि आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांत युनिस एकदाही आमच्या घरात आलेली नाही. एलव्हिना तिला रोज बोलवायची, पाऊस असो, वारा असो. आत ये, चहा घे. आणि युनिस म्हणायची की एलव्हिना, मला बोलावू नकोस, तुझ्या बोलावण्यानं मी पाहुणी होते. रेड क्रॉसचं जहाज यायच्या आधीचा तो उपाशी हिवाळा. आमच्याकडे निदान सलगमाचं सूप होतं, तिच्याकडे तेही नव्हतं. एलव्हिनानं वाडगा भिंतीवर ठेवला. युनिस सरळ पुढे बघत निघून गेली. मग एलव्हिनानं काय करावं? वाडग्यावर फडकं बांधलं आणि टेकडीला वळसा घालून, पाऊण तास चालून, युनिसच्या स्वतःच्या दाराशी नेऊन दिलं. आमच्या वाटेवरून आणलेलं तिला मालकाचं बोलावणं वाटलं असतं; रस्त्यानं येऊन तिच्या दाराशी दिलेलं चालत होतं, कायद्याला बाध येत नव्हता. आठवड्यातून तीनदा, पाय सुजलेले असताना. युनिसचा हक्क मोडू नये म्हणून. जो हक्क नव्हताच.

आणि मी खिडकीत बसून दोघींना बघत होतो.

आता पेंडलटनच्या वकिलाचा लेखी प्रश्न आलाय की या जागेतून कोणाचा वाटेचा हक्क आहे काय. खरं उत्तर एकच: नाही. ते लिहिलं की तिच्या पायाखालची वाट गेली. त्या गुडघ्यांनी टेकडी होणार नाही. घर सोडून तिला शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागेल. मी काय करू?

रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

हेडली


पास्पेबियाक
१७ फेब्रुवारी १९७५

हेडली,
आशीर्वाद. या खेपेला एकच.

तुझं पत्र मी नोटरीला वाचून दाखवलं नाही. स्वतः दोनदा वाचलं आणि मग भांडी घासली, तिन्ही वेळची.

बाबांच्या सहा वचनांतलं एक तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. न बोले तो कबूल. सदतीस वर्षं तू बोलला नाहीस. मग कशाकशाला कबूल झालास ते मोज. एलव्हिनाच्या पायांना कबूल झालास. युनिसच्या उपाशी पोटाला झालास. मी लिहिते हे कठोर आहे, पण तुझ्याशी कठोर बोलणारं माणूस आता मीच उरलेय, आणि मीही महासागरापलीकडे.

आणि ऐक, तू गप्प का राहिलास ते तू लाज-लढाई करून लिहिलंयस, पण मी तुझी बहीण आहे. खरं सांगितलं असतंस तर युनिस यायची थांबली असती. रोज सकाळी कोणीतरी ताठ मानेनं खिडकीवरून जावं, ते तुला हवं होतं. एलव्हिनालाही हवं असेल. त्यात काही पाप नाही. पण किंमत त्या दोघींनी दिली, तू नाही.

२५ मार्चच्या आत तिला सांग. वकिलाकडून नको, पत्रानं नको, स्वतःच्या तोंडानं. चहाच्या दिवशी लोकांपुढे तिचं हसं झालं तर मी तुझी बहीण नाही. सौदा मोडला तर मोडू दे. निळी फुलं भिंतीवर आहेत, वाळणार नाहीत.

एवढं होऊनही तुझीच,
लिडिया


ला फोंतेन
४ मार्च १९७५

प्रिय लिडिया,
स. न. वि. वि.

सांगितलं. गुरुवारी सकाळी आठला दहा कमी, फाटकाशी उभं राहून. जमीन धरणारा आणि जमिनीवरून चालणारा यांचा फरक सांगितला, पर्शार वकिलांचं गाढव सांगितलं, साल सांगितलं. मला वाटलं ओरडेल. बेटावर तिच्या आवाजाला मोठमोठे शेतकरी अजून उठून उभे राहतात.

तिनं एकच विचारलं. एलव्हिनाला माहीत होतं का?

मी म्हटलं, नाही. तिलाही नाही सांगितलं.

मग ती तिथेच भिंतीला हात टेकून उभी राहिली. वाटेचं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली की तेहतीस वर्षं ती बाई मला आत ये म्हणत होती आणि तेहतीस वर्षं मी तिला नाही म्हणत होते, सिव्हरे, तुझ्या एका वाक्याखातर. शेवटच्या आजारात सुद्धा मी दारातून आत आले नाही, खिडकीखाली उभी राहून तिच्याशी बोलले. वाक्य खोटं असतं तर एक वेळ चाललं असतं. ते खरं होतं, फक्त दुसऱ्या कशाचं तरी होतं.

वळली आणि उतारानं परत गेली. त्या दिवसापासून ती टेकडीला वळसा घालून जाते. सकाळी सातला निघते म्हणे. रविवारी पहिलं गीत पेटीविना झालं. दुसऱ्याच्या मध्यावर ती आली, चेहरा पांढराफटक, बुटांना चिखल, आणि बसून तिसरं वाजवलं. सगळं मंदिर माझ्याकडे बघत होतं. का बघतायत ते त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

पेंडलटनना मी सगळं सांगितलं. गृहस्थ भला आहे. म्हणाला की त्यात काय, म्हातारीला जन्मभर जाऊ दे, आपली कधीच ना नाही. मी ते तिला निरोपानं कळवलं. उलट निरोप आला की ना नाही म्हणजे परवानगी, आणि परवानगी तर मला एलव्हिनाकडून रोज मिळत होती. तिची घेतली नाही ती इंग्लंडच्या माणसाची घेऊ?

घड्याळ दोन दिवसांपासून मागे पडतंय. लावायला हात होत नाही.

हेडली


पास्पेबियाक
१३ मार्च १९७५

चि. हेडलीस,
अ. उ. आ.

निरोप कसले पाठवतोस? फाटकाशी उभं राहून मागितलेली क्षमा ही मालकाची क्षमा असते. तिच्या दाराशी जा. आणि अंगणातून उतरून जाऊ नकोस. टेकडीच्या वळशानं जा, पायी, खुबा घेऊन. वाडगा नेलास तरी चालेल.

कागदाविना वाट नाही, हे वचन तुला दोन महिने धमकी वाटतंय. अरे, ते उपायही सांगतंय. अजून जमीन तुझी आहे ना?

घाईत. हाताला शाई लागलीय, मनाला नाही.

लिडिया


ला फोंतेन
३० मार्च १९७५, ईस्टर

प्रिय लिडिया,
स. न. वि. वि.

गेलो. पाऊण तासाच्या वाटेला मला सव्वा तास लागला. तीनदा दगडावर बसलो. तिसऱ्यांदा बसलो तिथून आमच्या घराचं धुराडं दिसतं. एलव्हिनाही तिथे बसत असणार, कारण दुसरा बसण्याजोगा दगड त्या चढावर नाही. वाडगा सांडू नये म्हणून गुडघ्यांत धरून. मी तिथे बराच वेळ होतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

युनिसनं दार उघडलं, माझे बूट बघितले, आणि बस म्हणाली. मी म्हटलं की वाट तुझ्या घराच्या नावे लिहून देतो, माझ्यानंतरही, कोणीही मालक असो, कायमची. शुक्रवारी न्यायालयात, दोघांनी हात वर करून. ती म्हणाली की दान नको. मी म्हटलं की दान कोण देतंय, मी चूक दुरुस्त करतोय. ती म्हणाली की मग नीट कर, दिलं आणि धरून ठेवलं ते दिलं नव्हे. हे वचनही तिला माहीत! चाळीस वर्षं माझ्याशी लढायचं म्हणून तिनं जुनी पुस्तकं वाचली होती, फक्त वाटेच्या पानावर मी आधीच बोट ठेवून बसलो होतो, म्हणून ते पान तिनं उघडलं नाही. मास्तरणीनं दुसऱ्याच्या पाठांतरावर एवढा विश्वास ठेवू नये.

मग मसुदा लिहायला बसलो. रुंदी ठरली, चार फूट. पायी, असं मी लिहिलं. ती म्हणाली, आणि ढकलगाडीसह. लिहिलं. म्हणाली, आणि शवपेटीसह. मी लेखणी थांबवली. ती म्हणाली की लिही, सिव्हरे, टेकडीच्या चढावर चार माणसं मला घेऊन दमतील, आणि मंदिरात मी आयुष्यात एकदाच उशिरा पोचलेय, पुन्हा पोचायची नाही. लिहिलं.

२५ मार्चचा चहा झाला. मर्व्हेलं दोनशे. लोकांपुढे उभी राहून म्हणाली की कायद्यात थोडी चूक निघाली आहे, ती दुरुस्त व्हायला एप्रिल उजाडेल, तोवर खाऊन घ्या. माझं नाव घेतलं नाही. मी कोपऱ्यात बसून चार मर्व्हेलं खाल्ली.

आता तुझ्या वाट्याचं. मसुदा पेंडलटनना दाखवणं भाग होतं. नवरा हसला. बाईंनी शवपेटीपर्यंत वाचलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. पियानो दुसरीकडे ठेवायचं ठरलंय. मी वीस वर्षं लिलाव पुकारले, पण गिऱ्हाईक इतक्या सभ्यपणे गेलेलं बघितलं नाही. दुसरं कोणी मिळायला वर्ष जाईल, आणि शवपेटीसकट घेणारं मिळेल की नाही देव जाणे. म्हणजे जूनमध्ये येणं होत नाही. निळ्या फुलांचं तेवढं मनाला लागलंय. खरंच लागलंय. तू मला आयुष्यात दोनदाच हट्टानं काही मागितलंस, आणि दोन्ही वेळा मी शेतामुळे नाही म्हटलं.

११ एप्रिलचा शुक्रवार नेमलाय.

माझ्यावरची माया कमी झाली असेल तर उरलेली जपून वापर.

हेडली


उताराखालचं घर, सेंट उअँ
१३ एप्रिल १९७५

प्रिय लिडिया,
जुन्या बाकमैत्रिणीचा स. न. वि. वि.

तुला पत्र लिहून छत्तीस वर्षं झाली. लढाईत टपाल बंद पडलं आणि नंतर मी सवय मोडली, त्याचा दोष जर्मनांना देता येणार नाही. हेडलीनं तुझा पत्ता दिला. म्हणाला की तुला हे मी लिहावं, त्याला स्वतःच्या हातानं लिहायचा धीर नाही. तसं त्याला फारसा कशाचाच धीर नाही. तोंड तेवढं आहे.

परवा शुक्रवारी आम्ही बसनं शहरात गेलो. न्यायालय तू शाळेत सांगायचीस तसंच आहे, मागचा बाकही. पांढऱ्या केसांच्या न्यायाधीशापुढे कारकुनानं खत फ्रेंचमध्ये वाचलं. शवपेटीच्या शब्दाशी तो अडखळला आणि त्यानं न्यायाधीशाकडे बघितलं. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ज्या नजरेनं मी चाळीस वर्षं वर्ग शांत केला. ते म्हणाले, पुढे वाचा. मग आम्ही उजवे हात वर केले. कारकुनानं विचारलं की या खताविरुद्ध कधी जाणार नाही ना. दोघांनी नाही म्हटलं. एवढंच. मिनिटभराचं काम होतं, लिडिया. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या शुक्रवारी होण्यासारखं होतं.

मी त्याच्यावर रागावलेय का, असं तू मनात विचारशील. आहे. राग रोज सकाळी उठल्यावर असतो, आणि दुपारपर्यंत कमी होतो. सुपाचा वाडगा मला अजून स्वप्नात दिसतो. पण एक कबूल करते. मला कोणी घरात ये म्हणावं आणि मी ताठ मानेनं नाही म्हणावं, यात मलाही सुख होतं. माझ्यासारख्या एकट्या बाईला रोज सकाळी हवीशी असण्याची तेवढीच जागा होती. वाक्य हेडलीचं होतं, पण आडोसा मी केला. एलव्हिनाला हे मी सांगायला हवं होतं. तिला आता सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

तुझी खोली माझ्यामुळे रिकामी राहिली. त्यावर माझं म्हणणं असं. घर विकलं जात नाही, त्यात पाच खोल्या आहेत आणि एक म्हातारा आहे. मे महिन्यात इथे बर्फ नसतो. तूच ये. हेडलीला विचारायची गरज नाही. तो नाही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर माझ्याकडे राहा.

शुक्रवारी बसमधून उतरून आम्ही अंगणातून परत आलो. तो पुढे, मी मागे. खिडकीपाशी तो थांबला, तोंड उघडलं, मिटलं. चाळीस वर्षांत माझ्यापुढे आत ये हा जो शब्द उच्चारायचा नाही म्हणून त्यानं जिभेला वळण लावलं, तो आता येईना. मी मदत केली नाही. ज्याचं त्यानं म्हणावं. मी पुढे निघाले.

आणि मग एक गंमत झाली. आजवर त्या वाटेनं जाताना मी मान कधी वळवली नाही. हक्क सांगणाऱ्यानं इकडे-तिकडे बघू नये, बघितलं तर मजेसाठी चालल्यासारखं दिसतं, अशी माझी समजूत. परवा पहिल्यांदा आजूबाजूला बघत गेले. डावीकडे एक जुनं नासपतीचं झाड आहे, लिडिया, पांढऱ्या फुलांनी भरलेलं! ते तिथे किती वर्षं आहे कोण जाणे. पुढे वाफ्यात त्याची लीक-कांद्याची रोपं फार दाट लावलेली. मी मागे वळून त्याला तसं सांगितलं. तो फाटकाला टेकून म्हणाला की चाळीस वर्षांनी बघितलंस.

मी म्हटलं की आता कागद आहे, रोज थोडं थोडं बघीन.

मैत्री जुनी आहे, ती तशीच राहो. उत्तर बोटीनं नको, विमानानं पाठव.

तुझी
युनिस व्होतिए